सहा नळ्या फर्डिनंडच्या, सात बळीरामच्या

फर्डिनंड मास्तरांच्या डाव्या हाताचं तिसरं बोट गेल्या वर्षी ईस्टरच्या आठवड्यात वाकेनासं झालं. डॉक्टरांनी दोन महिने मलम दिलं, मग गोळ्या दिल्या, मग वय विचारलं. मास्तरांनी अडुसष्ट सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी मान हलवून गोळ्याही थांबवल्या. चाळीस वर्षं मास्तर चर्चच्या कॉयरमध्ये व्हायोलिन वाजवत होते. जूनमध्ये त्यांनी जाणं बंद केलं. खरं कारण फक्त त्यांच्या बायकोला, ग्रेसीला, माहीत होतं. गावाने आपलं कारण शोधून काढलं: नव्या कीबोर्डवाल्याशी मास्तरांचं बिनसलं. मास्तरांनी ते खोडून काढलं नाही. बोट गेलं म्हणण्यापेक्षा भांडण झालं म्हणणं त्यांना बरं वाटलं. कीबोर्डवाल्याला मात्र आपण काय केलं तेच कळेना. तो बिचारा नाताळात केक घेऊन आला आणि माफी मागून गेला. मास्तरांनी त्याला माफ केलं. ग्रेसीने केक ठेवून घेतला.

त्या केकच्या आधी, ऑक्टोबरात, रायन आला होता. रायन मास्तरांचाच जुना विद्यार्थी. आठ वर्षं तो प्रवासी जहाजांवरच्या बँडमध्ये गिटार वाजवत होता. जहाजावर त्याला बोलिव्हियाचा एक वादक भेटला आणि आयर्लंडची एक व्हायोलिन वाजवणारी भेटली. रात्रीचा कार्यक्रम आटोपला की हे तिघं नोकरांच्या जेवणघरात बसायचे आणि अँडीज पर्वतातल्या चाली आयरिश नाचांच्या चालींत मिसळायचे. आता रायनने जहाज सोडलं होतं, लग्न केलं होतं, जवळच तुळिंजला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं होतं. ते जेवणघरातलं संगीत त्याला इथे उभं करायचं होतं. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी गावचा सण, त्या संध्याकाळी चर्चच्या मैदानावर वाजवायचं, असं फादरशी बोलणंही झालं होतं.

माणसं त्याने जमवली होती. स्वतः तो चारांगो वाजवणार होता. दहा तारांचं हे वाद्य दिसायला गिटारचं पिल्लू. व्हायोलिनला डायना, वय एकोणीस, मास्तरांची शेवटची विद्यार्थिनी. ढोलकीला खाडीकडचा कल्पेश. राहिलं होतं ते सिकू, म्हणजे अँडीजमधला नळ्यांचा पावा, आणि त्याला माणसं लागतात दोन.

सिकूची गंमत अशी की तो एकट्याने वाजत नाही. त्याच्या नळ्यांच्या दोन ओळी असतात. एका ओळीत सहा नळ्या, दुसरीत सात. पहिला सूर एका ओळीत, त्याच्या पुढचा दुसरीत, तिसरा पुन्हा पहिलीत. एक ओळ एका माणसाच्या हातात, दुसरी दुसऱ्याच्या. साधी चाल वाजवायची तरी दोघांनी एकाआड एक फुंकावं लागतं. सहा नळ्यांचा माणूस पुढे चालतो, सात नळ्यांचा मागून येतो.

सात नळ्या रायनने बळीरामला दिल्या. बळीराम म्हणजे कल्पेशचा काका. खाडीकाठी त्याची भातशेती, आणि गेली तीस वर्षं तो भजनी मंडळाची पेटी वाजवत आलेला. मास्तर आणि तो शाळेत एका बाकावर होते. पुढे एकदा, कुणाच्या तरी साखरपुड्यात, मास्तरांनी चारचौघांत सांगितलं होतं की बळीराम पेटी छान वाजवतो, पण अंदाजे वाजवतो. त्याला बावीस वर्षं झाली. बळीराम ते विसरला नव्हता आणि विसरल्याचं दाखवतही नव्हता.

उरलेल्या सहा नळ्या मास्तरांसाठी होत्या, आणि त्यांनी त्या घेतल्या त्या पुढे चालणारा म्हणून. दोन दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की बळीरामकडे एक नळी जास्त आहे. त्यांनी रायनला विचारलं, अनुभवी माणसाकडे सात असायला नको का? बळीराम मास्तरांच्या ओट्यावरच बसला होता. तो म्हणाला, मास्तरांनी हवी तर सातवी घ्यावी, पण मग मास्तरांनी त्याच्या मागून चालावं. मास्तरांनी सहाच ठेवल्या.

नळ्या रायनने प्लास्टिकच्या पाइपातून कापल्या होत्या. एकेक नळी सुरात आणायला त्यात तांदळाचे दाणे टाकायचे. दाणे वाढले की सूर चढतो. बळीरामने आपल्या शेतातले आणले. मास्तरांच्या तिसऱ्या नळीत एकवीस दाणे गेले, आणि ग्रेसीने विचारलं की आता हे दोघं वाजवणार आहेत की भात लावणार आहेत.

सगळं ठीक होतं, पण रायनचा एक नियम होता: कागद नाही. हा नियम त्या आयरिश बाईचा. तिच्या गावात चाल कानानेच उचलायची. बैठकीत कुणी नोटेशनचा कागद काढला तर त्याला कुणी हाकलत नाही, फार नम्रपणे वागवतात, आणि संध्याकाळभर त्याच्याशी कुणी बोलत नाही. बोलिव्हियावालाही तसाच, त्याने आयुष्यात नोटेशन पाहिलं नव्हतं. रायन तुळिंजहून सकाळी चालीचं रेकॉर्डिंग फोनवर पाठवायचा, दोन्ही ओळी एकट्यानेच वाजवून. प्रत्येकाने त्यातले आपले सूर ऐकून वेचायचे आणि शनिवारी मास्तरांच्या ओट्यावर येऊन जोडायचे.

बळीरामला यात नियम असा काही दिसलाच नाही. उभ्या जन्मात तो दुसऱ्या कुठल्या रीतीने काही शिकला नव्हता. मास्तरांचं उलटं होतं. ते ठाण्याच्या एका कारखान्यात नकाशे काढायच्या नोकरीत होते आणि संगीतही त्यांना नकाशासारखं लागायचं. चर्चमधल्या मिस्साची, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेची, गाणी चाळीस वर्षं वाजवूनही समोर स्टँडवर कागद हवाच. एकदा वाऱ्याने पान उडालं होतं तेव्हा ते वाजवता वाजवता थांबले, खाली उतरले, पान आणलं आणि जिथे थांबले होते तिथूनच सुरू झाले. कॉयर तोपर्यंत पुढचं कडवं संपवून बसलं होतं.

त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरचे शनिवार वाईट गेले. मास्तर मनात आकडे मोजत. त्यांचा सूर एक तर आधी येई नाही तर नंतर, आणि चालीत भोकं पडत. सिकूत एकाची चूक झाकली जात नाही; दुसऱ्याचा सूर हवेत लटकतो. बळीरामचे सूर पुष्कळ लटकले. तो काही बोलला नाही. मास्तरांच्या मते हे त्याचं सर्वांत खोचक बोलणं होतं.

सणाला पंधरा दिवस राहिले तेव्हा रायन शुक्रवारी एकटा आला. त्याने चहा घेतला, ग्रेसीला तिच्या गुडघ्याबद्दल विचारलं, आणि मग कपात बघत म्हणाला, "सर, उद्या नाही, पुढच्या शनिवारी आपण सगळं सलग वाजवू. नाहीच जमलं तर सहा नळ्या डायनाला देऊ. व्हायोलिन आणि नळ्या, ती दोन्ही बघेल. तुम्ही कार्यक्रमाचं निवेदन करा. तुमच्यासारखं निवेदन कोण करणार?"

मास्तर म्हणाले, बरोबर आहे. रायन गेल्यावर त्यांनी त्याचा कप उचलून आत ठेवला. व्हायोलिन गेलं होतं. वाजवण्यासारखं आता त्यांच्याकडे प्लास्टिकच्या सहा नळ्याच होत्या, आणि त्यांना वाकणारं बोट लागत नव्हतं. निवेदन म्हणजे काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. गावात ज्यांना काहीच वाजवता येत नाही ते निवेदन करतात.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांची दुपारची झोप बंद झाली. जेवण झालं की ते मागच्या खोलीतल्या जेवणाच्या टेबलाशीच बसून राहत आणि दार लावून घेत. आतून रेकॉर्डिंगचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकू येई. ग्रेसीने तीन दिवस काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी मास्तरांनीच जेवताना सांगितलं की या चालीत एक फार विलक्षण जागा आहे. शांत चाल चालली असताना एकदम एक आडवा, दणदणीत सूर येतो. तिकडे डोंगरात लामा नावाची जनावरं चारतात, त्यांना मारलेली हाक असावी. ग्रेसी म्हणाली, असेल.

शनिवारी सगळे जमले. डायनाला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं आणि ती मास्तरांकडे बघायचं टाळत होती. रायनने चारांगो छेडला, कल्पेशने ठेका धरला, आणि मास्तरांनी पहिला सूर फुंकला. पुढचा बळीरामने. मग मास्तर, मग बळीराम. चालीत भोकं पडेनात. डायनाचं व्हायोलिन आत येईपर्यंत सगळं इतकं नीट चाललं होतं की रायनने डोळे मिटले.

मग मास्तरांनी छाती भरून एक सूर मारला. तो बाकी कशाशीच जुळत नव्हता, पण होता खणखणीत. कल्पेशचा हात ढोलकीवर अधांतरी राहिला. मास्तर एकटेच पुढे दोन सूर वाजवून थांबले.

रायनने विचारलं, तो मधला काय होता? मास्तर म्हणाले, तुझ्या रेकॉर्डिंगमधला. रायन म्हणाला, असं काही त्यात नाही. मास्तरांनी फोन मागवला. सगळे वाकून ऐकू लागले. शांत चाल, शांत चाल, आणि मग लांबून पण स्पष्ट: पोंऽऽ.

पहिला हसला तो बळीराम. तुळिंजला त्याची मुलगी राहायची, रायनपासून तीन इमारती सोडून. तो म्हणाला, "हा इडलीवाला. सात वाजता येतो सायकलवरनं, भोंगा वाजवीत. म्या ऐकला तवा वाटलं, आता रायन दोन प्लेट घेयाला खाली उतरनार."

रायनला स्वतःला तो कधी ऐकूच आला नव्हता. तिथे राहणाऱ्याला येत नाही. मास्तरांच्या गावात पाववाला येतो तो घंटी वाजवत. डायनाने ओढणी तोंडावर धरली. ग्रेसी दारातून म्हणाली की तिला तर ती लामांची हाक म्हणून सांगण्यात आली होती, आणि मग कल्पेशही हसायचा थांबेना.

बळीराम मात्र थांबला. भोंगा चालीत नाही हे कानाने शिकणाऱ्याला आपोआप कळतं, असं त्याचं म्हणणं पडलं. जे जुळत नाही ते कान टाकून देतो. भोंगा उतरवून घेतो तो लिहिणारा. त्याने मास्तरांकडे बघून विचारलं, "कागद कुठंय?"

मास्तर नळीतले तांदूळ हलवून बघू लागले. ग्रेसी आत गेली आणि नकाशाचा मोठा कागद घेऊन आली. नंतर मास्तरांनी तिला विचारलं की तू असं का केलंस, तेव्हा ती म्हणाली, चार दिवस जेवणाच्या ताटाला टेबल मिळत नव्हतं.

रायनने कागद ओट्यावर पसरला. पट्टीने आखलेल्या रेघा, काळ्या शाईत मास्तरांचे सूर, निळ्या शाईत बळीरामचे. रायनने श्वास घेतला तिथे बारीक खूण होती. तो एका ठिकाणी अडखळला होता, ती जागा ठिपक्यांनी दाखवली होती. भोंगा चौथ्या नळीवर होता, त्याच्या वर लिहिलं होतं ‘जोरात’ आणि खाली ‘किंचित उतरता’. रायनने फोनवर सूर तपासला. भोंगा खरोखर किंचित उतरता होता.

"किती वेळा ऐकलंत, सर?"

"अख्खी अकरा वेळा. त्यातल्या दोनदा ग्रेसीचा मिक्सर चालू होता."

रायनने श्वासाच्या खुणा पुन्हा एकदा पाहिल्या. मग त्याने सांगितलं की ही चाल बोलिव्हियावाल्याकडून उचलायला त्याला स्वतःला तीन आठवडे लागले होते. अकरा वेळा ऐकून दोन्ही ओळी, श्वासासकट, उतरवणारा माणूस त्याने जहाजावरही पाहिला नव्हता. कागदाला ऐकू येत नाही, सर, तो म्हणाला. हे सगळं आधी तुमच्या कानात आलं असणार. मास्तरांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं ते बघून डायनाने सुटकेचा निःश्वास टाकला.

तो तिने जरा लवकर टाकला. बळीराम कागदावर बोट ठेवून बसला होता, निळ्या शाईवर.

"माजे सूर पन लिवलेत."

मास्तर म्हणाले, संपूर्ण चाल लिहायची तर लिहावेच लागतात.

"मंग मी कशाला पायजे? मी काय वाजवनार ते तुमाला आदीच म्हाईत. मगाशी तुमी माज्याकडं एकदा पन नाय बगितलंत. मी मेलो असतो तरी तुमी पुढचा सूर वाजवला असता."

यावर कुणी हसलं नाही. मास्तरांनी खुर्ची जरा बळीरामकडे वळवली आणि म्हणाले की पुन्हा वाजवू. ग्रेसीने कुणी न सांगता कागद गुंडाळून आत नेला.

बळीराम या वेळी सरळ वाजवायला तयार नव्हता. भजनात ओळीच्या शेवटी पेटी रेंगाळते तसा तो जिथे वाटेल तिथे सूर लांबवायला लागला. पहिल्यांदा मास्तर त्याच्या सुरावर जाऊन आदळले. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ते इतके थांबले की बळीरामचा श्वास संपला आणि त्याला ठसका लागला, आणि त्याने भजनात चालणार नाहीत असे दोन शब्द काढले. चौथ्यांदा मास्तर मोजायचे थांबले. मोजण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बळीरामचे खांदे खाली येतात तेव्हा सूर संपत आलेला असतो, एवढं एकच त्यांनी धरलं. बळीरामने लांबवला की ते थांबत, सोडला की उचलत. मधे त्यांनी स्वतःच एक सूर मुद्दाम लांबवला. बळीराम त्यात सापडला. त्याचा झालेला आनंद मास्तरांना लपवता आला नाही.

चाल संपल्यावर रायनने डायनाला सांगितलं की तिने फक्त व्हायोलिनचं बघावं. निवेदनासाठी कीबोर्डवाल्याला विचारू, असं त्याने मास्तरांना सुचवलं. मास्तर म्हणाले, विचार, चांगला मुलगा आहे.

सणाच्या संध्याकाळी मैदानात सातशे खुर्च्या होत्या आणि माणसं त्याहून जास्त. यांचा नंबर मुलांच्या नाटुकल्यानंतर आणि लकी ड्रॉच्या आधी होता. त्यामुळे श्रोते उत्सुक होते, पण मुख्यतः ड्रॉसाठी. निवेदकाने बोलिव्हिया आणि आयर्लंड ही दोन्ही नावं बरोबर घेतली. चाल सुरू झाली. पहिल्या संथ भागात लोक कुजबुजत होते. मग कल्पेशने आयरिश नाचाचा ठेका धरला आणि तिसऱ्या रांगेतल्या बायकांना तो हळदीतल्या नाचाचा वाटला. त्या उठल्या. त्या उठल्या म्हणून मागच्या उठल्या. टाळ्यांनी लय वाढवली, ढोलकी टाळ्यांमागे धावली, आणि कुणाच्याही नकाशात नसलेल्या वेगाने मास्तर आणि बळीराम गुडघ्याला गुडघा लावून शेवटापर्यंत पोचले. एकही सूर लटकला नाही. ग्रेसी पहिल्या रांगेत होती. शेजारणीने तिला विचारलं की मास्तरांनी स्टँड कुठे ठेवलंय, दिसत नाही. ग्रेसी म्हणाली, घरी.

लोक आणखी मागू लागले. आणखी काही बसवलेलं नव्हतं. रायनने डायनाकडे पाहिलं आणि दोघांनी एक दुसरीच आयरिश चाल काढली. ती त्यांनी मजेखातर आपापसांत वाजवली होती, बाकी कुणाला येत नव्हती. कल्पेशने ठेका शोधला. बळीरामने एक फेरी ऐकून हळूच दोन-तीन सूर टाकायला सुरुवात केली.

मास्तरांनी ही चाल जन्मात ऐकली नव्हती. त्यांना खाली उतरता आलं असतं. त्यांचं काम झालं होतं, टाळ्याही मिळाल्या होत्या. विंगेत निवेदक त्यांच्यासाठी पाण्याचा ग्लास धरून उभा होता. मास्तर नळ्या ओठांजवळ धरून तसेच बसून राहिले. दुसऱ्या फेरीत त्यांनी एक सूर फुंकला, हळू. तो बसला. तिसऱ्या फेरीत त्याच जागी पुन्हा फुंकला आणि ओळीच्या शेवटी आणखी एक मिळाला, पाचव्या नळीवर. तेवढेच दोन सूर ते प्रत्येक फेरीत त्यांच्या जागी आणून ठेवू लागले. मधल्या वेळात ते मान किंचित कलती करून बसत.

बळीराम श्वास घ्यायला थांबला आणि त्यांच्या कानाशी वाकला.

"तिसरा गावला का, मास्तर?"

"गप रे," मास्तर म्हणाले. "ऐकू दे."